सटवाईच्या लेखाची खरी नक्कल

अंबरपेठेतील आमच्या घरात मूल जन्मले की पाचव्या रात्री माजघरात पाटा मांडला जाई, त्यावर उभ्या केलेल्या वरवंट्याला हळदकुंकू वाहिले जाई, आणि शेजारी एक कोरा कागद, बोरू व दौत ठेवून, समई तेवती राहील एवढे तेल घालून, सारी मंडळी तेथून हलत. कारण त्या रात्री सटवाई येणार, बाळाच्या कपाळी त्याचे आयुष्य लिहिणार, आणि लिहिणाऱ्याच्या खांद्यावरून डोकावू नये हा तर कोणत्याही कचेरीचा पहिला शिष्टाचार. माझे आजोबा निजामाच्या मालखात्यात मोहरीर होते, आणि त्या रात्रीसाठी त्यांचा स्वतःचा बोरू मागून नेला जाई. सकाळी कागद कोराच सापडे. लेख कागदावर नसतो, कपाळाच्या हाडावर असतो, अशी आजीची समजूत. त्यावर आजोबांचे ठरलेले उत्तर असे, की ज्या कागदाची नक्कल मिळत नाही तो कागद दफ्तरात असून नसल्यासारखा.

आजीची आठ बाळंतपणे झाली. आजोबांनी वळणदार मोडीत लिहून ठेवलेल्या आमच्या वंशावळीत पाच नावे आहेत. उरलेली तीन मुले कुठे गेली हे विचारण्याइतका मी मोठा झालो तेव्हा आजी सत्तरीला टेकली होती. तिने सांगितले ते इतकेच, की दोन दात येण्याआधी गेली आणि एक पाचवीही न पाहता. त्यांना तिरडी नव्हती. धुडक्यात गुंडाळून हातांवर मुसी नदीच्या अंगाला नेले, खड्डा केला, कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले, आणि पुरुषमंडळी आंघोळ करून जेवायला बसली. दहावा नाही, तेरावा नाही, सावडणे नाही. “सावडायला होतं काय त्यात?” असे ती म्हणाली, आणि सुपातले तांदूळ निवडू लागली.

प्रस्तुत पुस्तक म्हणजे आजीच्या या प्रश्नाचे, फार उशिरा दिलेले, उत्तर आहे. सावडायला पुष्कळ असते. प्रौढ माणसाच्या देहात हाडे २०६. नवजात अर्भकाच्या देहात मात्र ती तीनशेच्या घरात असतात, कारण पुढे सांधून एक होणारी हाडे त्या वेळी सुटी असतात, लांब हाडांची टोके दांड्यापासून वेगळी असतात, आणि कवटीचे फलक एकमेकांपासून अलग राहून त्यांच्यामध्ये टाळूची मऊ जागा असते. पूर्ण दिवस भरलेल्या बाळाच्या मांडीचे हाड साधारण साडेसात सेंटिमीटर, म्हणजे माझ्या करंगळीपेक्षा फारसे मोठे नव्हे. हिरडीच्या आत न दिसणारे वीस दुधाचे दात निरनिराळ्या पायऱ्यांवर घडत असतात, आणि त्यांची कवचे मोत्यांच्या टरफलांसारखी असल्यामुळे उत्खननात चाळणी बारीक नसेल तर ती मातीबरोबर निघून जातात. मुलांची हाडे टिकत नाहीत, असे जे एकेकाळी सरसकट म्हटले जाई, त्याचा अर्धा भाग खरा आहे. उरलेला अर्धा असा, की ती शोधली गेली नाहीत, आणि सापडली तेव्हा पुष्कळदा पक्ष्याची किंवा सशाची म्हणून वेगळ्या पिशवीत पडली.

इतिहासाच्या कागदांत मूल भेटत नाही, असे नाही. ते भेटते तेव्हा कोणत्या नात्याने भेटते हे पाहण्यासारखे आहे. जुन्या दफ्तरांत वतनाचा कज्जा असतो आणि त्यात मयत वतनदाराचा ‘अज्ञान’ वारस असतो. इनामाची चौकशी असते आणि तीत पालकाच्या नावापुढे पाल्याचे नाव येते. दत्तकाचा नजराणा असतो, आणि त्या रकमेपुढे ज्या मुलापायी ती भरली गेली त्याचे वय असते. मिळकत नाही त्या घरचे मूल, आणि मिळकत असलेल्या घरची मुलगी, या दोघांनाही सरकारदरबारी रुजू होण्याचे कारण पडत नसे. फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने १९६० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असा पक्ष मांडला, की मध्ययुगीन युरोपात बालपण नावाची स्वतंत्र कल्पनाच नव्हती. त्याने चित्रे, पोशाख, शाळा, रोजनिशा यांची साक्ष काढली. पुढे त्याच्यावर पुष्कळ टीका झाली, आणि ती योग्यच होती, परंतु त्या टीकेतील एक मुद्दा आपल्या विषयाशी थेट निगडित आहे: त्याने काढलेली सारी साक्ष मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांसाठी लिहिलेली वा रंगवलेली होती. मुलाने स्वतः मागे ठेवलेले म्हणावे असे त्याच्या देहाखेरीज फारच थोडे असते. पुरातत्त्वाच्या क्षेत्रात ग्रेटे लिलेहामर या नॉर्वेजियन विदुषीने १९८९ साली मुलाच्या जगाकडे लक्ष वेधले, तोवर उत्खननाच्या अहवालांतून मुले ‘इतर दफने’ या सदराखाली उरकली जात असत.

आपल्याकडे या प्रश्नाला धर्मशास्त्राचीही एक बाजू आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात दोन वर्षे पुरी न झालेल्या मृत बालकाविषयी सांगितले आहे, की बांधवांनी त्याला अलंकृत करून गावाबाहेर शुद्ध भूमीत ठेवावे आणि त्याचे अस्थिसंचयन करू नये. याज्ञवल्क्यही त्याला पुरावे आणि उदकदान करू नये असेच म्हणतो. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या वचनांचा आणि त्यांवरील मतभेदांचा विस्तार जिज्ञासूंस मिळेल. मला येथे एवढेच नोंदवायचे आहे, की ज्यांच्या अस्थी गोळा करू नयेत असे शास्त्राने सांगितले, त्यांच्याच अस्थी पुरातत्त्वाच्या दृष्टीने सर्वांत अधिक प्रमाणात जमिनीत उरल्या. मोठ्यांना अग्नीने नेले. तान्ह्यांना मातीने सांभाळले. ज्या विद्वानांनी बारीक कुंचला आणि बांबूची कामटी हाती घेऊन ते कण उचलले, त्यांनी तीन हजार वर्षांच्या अंतराने केलेले ते सावडणेच होय, मग शास्त्रार्थ काही का असेना.

हैदराबादेत बसून हे लिहिणाऱ्याने आपल्या पायाखालच्या जमिनीपासून प्रारंभ करावा हे स्वाभाविक, आणि तसा माझा हेतूही होता. या शहराच्या भोवताली शिलावर्तुळांची दफने विपुल आहेत. आमच्या घरापासून दूर नसलेल्या मौला अलीच्या परिसरात ती आहेत, आणि भोनगीरजवळच्या रायगीरला तर निजामाच्या रेल्वेकडील डॉक्टर हंट यांनी स्वतः खणून आपले निष्कर्ष १९२४ साली विलायतेतील मानवशास्त्राच्या नियतकालिकात छापले. १९१४ साली संस्थानाचे पुरातत्त्व खाते निघाले आणि गुलाम यजदानी त्याचे पहिले प्रमुख झाले. त्यांनीही दख्खनमधील या महापाषाणांवर लिहिले. परंतु ग्रॅनाइटच्या झिजेतून झालेली आमची तांबूस मुरमाड जमीन हाडांना अनुकूल नाही. तिच्यात लोखंडाची कुऱ्हाड गंजून का होईना राहते, तान्ह्याचा दात विरून जातो. म्हणून वाचकाला घेऊन मला गोदावरी आणि भीमेच्या खोऱ्यात जावे लागले, जेथील चुनखडीयुक्त काळ्या-करड्या मातीने हा ऐवज जपून ठेवला. घराच्या जमिनीखाली मुले पुरण्याची रीत मात्र त्याच खोऱ्यांपुरती नव्हती. जुन्या हैदराबाद संस्थानाच्या शोरापूर दुआबातील बुदिहाळ येथे के. पद्दय्या यांनी उजेडात आणलेल्या नवाश्मयुगीन गोपालकांच्या वस्तीतही घरांच्या जमिनीत मुलांची दफने मिळाली. राज्यांच्या आजच्या हद्दी त्या आयांना ठाऊक नव्हत्या.

पुण्याच्या पूर्वेस सुमारे नव्वद किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी मौजे इनामगाव आहे. तेथील पांढरीवर डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी, हसमुख धीरजलाल सांकलिया, मधुकर केशव ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली, १९६८ पासून १९८३ पर्यंत एकामागून एक हंगाम खोदकाम केले आणि १९८८ साली त्याचा अहवाल छापला. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊशे वर्षांत तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती: आधी माळवा संस्कृतीची, मग संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून नाव पडलेल्या संस्कृतीची, तिच्या पूर्व आणि उत्तर अशा दोन अवस्थांत. सातू हे त्यांचे मुख्य धान्य. पुराचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी बांध आणि पाट काढला होता. कुंभाराच्या भट्ट्या होत्या, चुली होत्या, कणग्या होत्या. प्रवरेच्या काठी नेवासे आणि दायमाबाद ही त्याच कुळीची गावे. ती दोन्ही इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास उठली, इनामगाव त्यानंतर आणखी तीनशे वर्षे कसेबसे तगले.

या लोकांनी आपल्या मोठ्या माणसांना बहुधा उताणे निजवून पुरले आणि पुरताना त्यांचे पाय घोट्याजवळ तोडले, मृताने उठून भटकू नये या भयाने असावे असा ढवळीकरांचा तर्क आहे. मुलांसाठी रीत वेगळी. घराच्या जमिनीतच खड्डा करून, करड्या मातीचे दोन रुंद तोंडाचे कुंभ आडवे, तोंडाला तोंड भिडवून ठेवीत, आणि त्यांच्या पोकळीत तान्हे. जवळ एखादे रंगवलेले तोटीचे भांडे, एखादा वाडगा. मग माती लोटून, चोपून, जमीन सारवून त्याच घरात चूल पेटे. पुण्याला मी असे कुंभ पाहिले. ते मुद्दाम घडवलेल्या शवपेट्यांसारखे वाटले नाहीत; धान्य किंवा पाणी ठेवावे अशी घरातलीच भांडी, आणि पाहताना माझ्या मनात विद्वत्तेला न शोभणारा विचार आला तो असा, की दोन कुंभ एकाच वेळी रिकामे करायचे म्हणजे त्यांतले धान्य घरातल्या बाईने कुठे ओतून ठेवले असेल.

कुंभ म्हणजे गर्भाशय, मूल पुन्हा गर्भात परत दिले, ही उपपत्ती आपल्याकडे सर्वत्र ऐकू येते, आणि ती सुंदर आहे हीच तिच्याविषयी सावध राहण्याची खूण होय. आषाढात अंबरपेठेच्या महांकाळीला आमच्या शेजारणी भाताने भरलेली, हळदीने माखलेली, वर दिवा ठेवलेली बोनमची मडकी डोक्यावर घेऊन जातात, देवी-गोवरापासून मुलेबाळे राखावीत म्हणून. ते दृश्य पाहताना मला इनामगाव आठवते, पण आठवण होणे आणि पुरावा असणे यांत अंतर आहे, आणि ते तीन हजार वर्षांचे आहे. मनूचा दाखलाही असाच जपून वापरावा लागतो. तो बालकाला ‘अलंकृत’ करावे म्हणतो, आणि नेवाशात एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, जिच्या आतला रेशीम-कापसाचा दोरा तांब्याच्या क्षारांमुळे कुजण्यापासून वाचला. चांडोलीच्या मुलाच्या माळेत जवसाच्या वाखाचा दोरा होता. येथवर जुळते. पण मनू मुलाला गावाबाहेर न्यावे म्हणतो, आणि जोर्वेकर त्याला घराबाहेरसुद्धा जाऊ देत नाहीत. एका जुळणाऱ्या शब्दावरून परंपरा अखंड असल्याचा निवाडा देणाऱ्यांनी हा दुसरा शब्दही वाचायला हवा.

आता प्रत्यक्ष हाडांच्या लिपीकडे येतो. या पुस्तकाची मधली सहा प्रकरणे तिच्यासाठीच आहेत. मुलाच्या वयाचा सर्वांत भरवशाचा साक्षीदार दात. दुधाच्या दातांची घडण गर्भाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू होते, आणि दातावरील चकाकते आवरण थरावर थर चढत जाते. एकदा चढलेला थर पुढे कधी दुरुस्त होत नाही, त्यामुळे मोहरीराने शाईने लिहिलेल्या नोंदीसारखा तो कायम होतो. प्रसूतीच्या वेळी या थरांत एक ठळक रेघ पडते. बाळ जन्मानंतर काही दिवस जगले तर ती रेघ ओलांडून पुढचे थर दिसतात. मृत जन्मले असेल तर रेघ दिसत नाही. माझ्या आजीच्या पाचवी न पाहिलेल्या मुलाने एक दिवस तरी श्वास घेतला होता की नाही, हे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. दाताच्या पातळ कापावर, सूक्ष्मदर्शकाखाली, कदाचित ते वाचता आले असते.

दुसरी नोंद सुळ्यावरची. इनामगावच्या मुलांच्या दातांचा अभ्यास जॉन ल्यूकाच आणि सुभाष वाळिंबे या दोघांनी अनेक वर्षे केला. दुधाच्या सुळ्याच्या बाहेरच्या अंगावर त्यांना पुष्कळ वेळा एक वाटोळा खळगा आढळला, टाचणीच्या डोक्याएवढा, कधी थोडा मोठा. इतर दात गुळगुळीत असताना सुळ्यावरच खळगा का, याचा जो खुलासा दिला जातो तो वाचकांपैकी ज्यांनी मूल वाढवले आहे त्यांना लगेच पटेल. सहा महिन्यांचे मूल हाती येईल ते तोंडात घालते. पाळण्याची चिपळी, वाटी, आईची बांगडी, सारे हिरडीवर आपटते. सुळा त्या वेळी हिरडीत घडत असतो आणि त्याच्यावरचे हाड निरोगी मुलातही पातळ असते. आईच्या आणि मुलाच्या आहारात अ जीवनसत्त्वासारख्या पोषकांची तूट असेल तर ते हाड तेथे पुरते भरतच नाही, आणि बाळाच्या त्या आपटण्याचा धक्का थेट कोवळ्या दाताला बसून आवरणाचे काम तेवढ्या जागी अडते. म्हणजे एका खळग्यात दोन गोष्टी नोंदवल्या गेल्या: घरात पोषण कमी होते, आणि मूल खेळत होते. इतिहासाच्या कोणत्या बखरीने तान्ह्याचा खेळ लिहून ठेवला आहे? उत्तर जोर्वे काळात या खळग्यांचे प्रमाण आधीपेक्षा वाढलेले त्यांना दिसले.

आणि तिसरी नोंद कपाळाची. डोळ्याच्या खोबणीचे छत म्हणजे कपाळाच्याच हाडाची खालची बाजू. दीर्घकाळ पंडुरोगाने ग्रासलेल्या मुलात रक्त तयार करणारी मज्जा वाढू पाहते आणि ते छत आतून चाळणीसारखे सच्छिद्र होते. स्कर्व्हीसारख्या इतर कारणांनीही त्या जागी हाडाचा पोत बदलतो, म्हणून निदान करताना घाई चालत नाही. पण लेख तेथे असतो. आजी म्हणत होती तो कपाळाच्या हाडावरच असतो. तिला ठाऊक नव्हते ते एवढेच, की तो आतल्या अंगाने लिहिलेला असतो, आणि लिहिणारी सटवाई नसून गर्भारपणातली भाकरी, पाण्यातला जंतू आणि दोन बाळंतपणांमधले अंतर यांनी मिळून तो लिहिलेला असतो.

ही लिपी वाचण्याची किल्ली मला पुण्याइतकीच घराजवळ सापडली, याचे समाधान येथे नमूद केल्याशिवाय राहवत नाही. अंबरपेठेहून विद्यापीठाच्या बाजूने तार्नाक्याला गेले की राष्ट्रीय पोषण संस्थेचे आवार लागते. १९१८ साली कुन्नूरला रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांच्या हाताखाली एका खोलीत बेरीबेरीच्या चौकशीसाठी निघालेली ही संस्था १९५८ साली हैदराबादेस आली. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे सुकलेल्या आणि सुजलेल्या मुलांवर जे काम केले, त्यातून भारतीय मुलाच्या उपासमारीचे शरीरशास्त्र उभे राहिले. आणि १९७० पासून देशभर लहान मुलांना सहा-सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस पाजण्याची जी योजना सुरू झाली, तिची पायाभरणीही येथील क्षेत्रीय प्रयोगांनी केली. आमच्या गल्लीतील अंगणवाडीत रांगेत उभी राहून त्या पिवळ्या, चिकट औषधाचा चमचा तोंड वाकडे करून घेणारी मुले मी पाहतो, तेव्हा इनामगावच्या सुळ्यावरचा खळगा मला पुस्तकातला राहत नाही. नलगोंड्याकडील खेड्यांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे गुडघे आत वळलेली मुले याच संस्थेच्या डॉक्टरांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत तपासली आणि त्यावर लिहिले. हाडांवर घडणारा परिणाम जिवंत मुलात पाहिला नसेल तर मातीतल्या हाडावर तो ओळखायचा कशावरून?

इनामगावच्या शेवटाविषयी विद्वानांत जो वाद आहे, त्यातही निर्णायक साक्ष मुलांचीच ठरू पाहते. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊसमान घटले, शेती बसली, चौकोनी प्रशस्त घरांची जागा दाटीच्या गोल झोपड्यांनी घेतली, लोक शेळ्यामेंढ्यांच्या मागे लागले आणि अखेर गाव ओसाड पडले, अशी ढवळीकरांची मांडणी. ती पाठ्यपुस्तकांत पोहोचली आहे. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील मुलांच्या सांगाड्यांवरून वेगळा सूर लावला. हवामान एकाएकी कोरडे झाले याला त्यांना पुरेसा आधार दिसत नाही. निमशुष्क हवामान त्या भागाला जुनेच होते. मात्र मांडीच्या हाडाची लांबी आणि त्याच्या आडव्या छेदाची भरगच्चता ताडून पाहता उत्तर जोर्वे काळातील मुलांची वाढ खुंटलेली आणि अंगे झडलेली त्यांना आढळली, आणि वयांचा हिशेब पाहता जन्म अधिक, मृत्यूही अधिक, असे चित्र निघाले. मला स्वतःला दुसऱ्या मांडणीकडे झुकावेसे वाटते, कारण दुष्काळाचे खापर आभाळावर फोडण्याची मराठवाड्याची सवय मी जन्मापासून पाहत आलो आहे. पण झुकण्याचे हे कारण शास्त्रीय नाही, हेही कबूल करतो.

येथे एक अडचण सांगणे भाग आहे, आणि ती लहान नाही. आपण वाचतो ती सर्व मुले मेलेली आहेत. गावातली जी मुले वाढली, ज्यांनी लग्ने केली, ज्यांच्या पोटी पुढची पिढी आली, त्यांचे बालपण या कुंभांत नाही. आणि मेलेल्यांवरून जगलेल्यांची उंची, भूक, आरोग्य ठरवणे म्हणजे नापासांच्या यादीवरून शाळेची पारख करणे. त्याहून अवघड गोष्ट १९९२ साली जेम्स वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे मांडली: ज्या हाडावर आजाराची खूण आहे, ते मूल तो आजार सोसून, निदान खूण उमटेपर्यंत, जगले होते, आणि ज्याचे हाड अगदी स्वच्छ आहे, ते कदाचित इतक्या झटपट गेले की हाडाला लिहायला सवडच मिळाली नाही. कोरा कागद म्हणजे निरोगी आयुष्य असे समजू नये. आमच्या पाचवीच्या रात्रीचा कागदही कोराच असे.

वय ठरवण्याचे कोष्टकही परके. शूर आणि मॅसलर यांचा १९४१ चा दातांचा तक्ता अमेरिकेत तयार झाला, आणि तेथील मुलाला ज्या महिन्यात जो दात येतो त्याच महिन्यात तो तीन हजार वर्षांपूर्वी घोड नदीकाठी येत होता असे धरून चालावे लागते. लंडनच्या स्पिटलफील्ड्स येथील चर्चच्या तळघरात १९८४ ते १९८६ या काळात निघालेल्या पेट्यांवर मृतांची नावे आणि वये कोरलेली होती, म्हणून तेथे अंदाज आणि खरे वय यांची रुजवात घालता आली. आपल्याकडे अशी पाटी कोणी लावलेली नाही. ग्रीसच्या अस्तिपालिया बेटावर तर मडक्यांत पुरलेली अडीच हजारांहून अधिक तान्ही निघाली आहेत, आणि त्या स्मशानाला जोड सापडणे कठीण; परंतु तेथेही कुंभावर नाव नाही.

राहिला मुलगा की मुलगी हा प्रश्न, जो या विषयावर बोलताना मला आपल्या लोकांकडून सर्वांत आधी विचारला जातो. तारुण्यापूर्वीच्या सांगाड्यावरून ते खात्रीने सांगता येत नाही. कटीच्या हाडातला भेद वयात येताना स्पष्ट होतो. अलीकडच्या काही वर्षांत दातांच्या आवरणातील प्रथिनांवरून ते ओळखण्याची रीत निघाली आहे, आणि आपल्या उष्ण मुलखात, जेथे हाडातली सेंद्रिय द्रव्ये लवकर नष्ट होतात, तिचा उपयोग होण्याची आशा आहे. तोवर तर्काला लगाम हवा. इस्रायलमधील अश्कलोन येथे रोमन काळच्या एका स्नानगृहाखालील गटारात शंभराच्या आसपास नवजात अर्भकांची हाडे सापडली, तेव्हा नकोशा झालेल्या मुलींचीच ती असणार असे अनेकांनी मनात ठरवून टाकले. १९९७ साली त्यांतल्या एकोणीस हाडांतून जनुकीय द्रव्याचा निकाल मिळाला, तो चौदा मुलगे आणि पाच मुली असा. स्त्रीभ्रूणहत्येच्या काळात जगणाऱ्या आपल्याला आपला अपराध भूतकाळावर लादण्याचा मोह होतो. इनामगावच्या कुंभांबद्दल मी तो कटाक्षाने टाळला आहे.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडेसे सांगून हे लांबलेले प्रास्ताविक थांबवतो. मापे मिलिमीटरमध्ये दिली आहेत. कुंभांची रेखाचित्रे आहेत, सांगाड्यांची छायाचित्रे नाहीत. ती घालावीत असा प्रकाशकांचा आग्रह होता, पण ज्या घरांनी ही मुले झाकून ठेवली त्यांची परवानगी घेण्याची सोय नसल्याने मी नकार दिला. भाषेच्या बाबतीत मात्र मराठीचे उपकार मानले पाहिजेत. इंग्रजीत लिहिणाऱ्या विद्वानांना प्रत्येक वाक्यात अडखळावे लागते. आपल्याकडे मूल ‘ते’ असते, तान्हे ‘ते’ असते, लेकरू, पोर, बाळ, अर्भक, सारी नपुंसकलिंगी, आणि हाडे जेवढे सांगतात तेवढेच ती सांगतात. मुद्रितशोधकाने सवयीने काही ठिकाणी ‘ते रांगत असेल’ चे ‘तो रांगत असेल’ केले होते, ते मी तिन्ही वेळच्या तपासणीत पूर्ववत केले आहे. तरी चौथ्या प्रकरणात, सुळ्याच्या मजकुरात, एखादा ‘तो’ नजरचुकीने राहिला असेल. वाचकांनी तेथे कृपया ‘ते’ असे वाचावे.

अंबरपेठ, हैदराबाद